मास्तर आणि पाठमोरी मुलगी

आमच्या दवाखान्यात पेशंटला नंबरने बोलावतात. मी काउंटरवरून नंबर पुकारते, पेशंट उठतो आणि आत जातो. त्या दिवशी मात्र दोन-तीनदा पुकारूनही कोणी उठेना. शेवटी मी मान वर करून पाहिलं, तर एक उंच म्हातारा भिंतीकडे तोंड करून उभा. खांदे एवढे रुंद की समोरचं चित्र पूर्ण झाकलेलं.

"काका, तुमचाच नंबर ना?"

"व्हय," ते मागे न वळता म्हणाले. "दुसऱ्याला सोड आत. मी जरा हितंच हाय."

आमचे डॉक्टर हाडांचे. घाटकोपर पूर्वेला स्टेशनपासून चालत जाण्यासारखा दवाखाना, त्यामुळे गुडघे आणि कंबरा यांची सतत रांग. भिंतीवर डॉक्टरांच्या बहिणीने परदेशातून आणलेलं एक चित्र होतं. मूळ चित्र कुठल्या तरी संग्रहालयात, ही त्याची जाड कागदावरची भारी छापील प्रत. शंभरेक वर्षांपूर्वी कुणी परदेशी माणसाने जलरंगात सर्कशीतली माणसं काढलेली. तंबूचा पिवळा-तांबडा रंग पाण्याने ओघळून खाली आलेला, माणसांना नाक-डोळे जेमतेम. ढोलावर बसलेली एक बाई, हात खाली सोडून उभा असलेला एक धिप्पाड गडी, निळ्या कपड्यातला एक काटकुळा पोरगा. आणि एका कडेला हिरव्या झग्यातली लहान मुलगी, आपल्याकडे पाठ करून उभी. मी ते चित्र रोज बघत होते, म्हणजे खरं तर बघत नव्हते.

"सगळे लोक सर्कशीचा खेळ चाललेला काढत्यात," म्हातारा मला म्हणाला. "ह्यानं खेळ संपल्यावरचे काढल्यात. दमलेले."

आनंदा मास्तरांची आणि माझी ओळख ही अशी झाली.

ते राहायचे आमच्याच पंतनगरात, दोन बिल्डिंगी सोडून, तळमजल्यावर. इतकी वर्षं मी त्यांना येता-जाता बघितलं होतं आणि सगळ्यांसारखीच समजत होते की ते रिटायर्ड शाळामास्तर आहेत. पण मास्तर ही सर्कशीतली पदवी. ते तासगावकडचे. लहानपणीच सर्कशीबरोबर गेले आणि पुढे झुल्यावरचे पकडणारे झाले. झुल्यावर गुडघ्यांनी उलटं लटकायचं आणि हवेतून येणाऱ्याला पकडायचं, आयुष्यभर एवढंच काम केलं. कमलकाकू, त्यांची बायको, त्याच सर्कशीत एकचाकी सायकलचा खेळ करायच्या. सर्कस बसली तेव्हा दोघं काकूंच्या भावाच्या रिकाम्या खोलीत राहायला आले. मास्तर एका मंडपवाल्याकडे दोर-बांबूच्या कामाला लागले. मी ओळखायला लागले तोवर काकू जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि मास्तरांचे दोन्ही खांदे कामातून गेले होते.

डॉक्टरांनी दवाखान्याचं रंगकाम काढलं, भिंतीवर टीव्ही आला आणि चित्र माळ्यावर जायची वेळ आली. मी मास्तरांसाठी मागितलं. डॉक्टर म्हणाले, "ने, सुटलो." मास्तरांनी ते आपल्या खोलीत पलंगासमोर लावलं. बाजूला बाबासाहेबांचा फोटो, खाली काकूंचा, आणि मध्ये ही परदेशी मंडळी.

त्यानंतर माझं त्यांच्याकडे जाणं-येणं सुरू झालं. आई डब्यात काहीबाही भरून द्यायची. "त्या मास्तरांका नेऊन दी गे, एकटो माणूस तो." मी द्यायला गेले की मास्तर आधी दोन्ही तळवे पँटला पुसायचे आणि मग डबा घ्यायचे. चहाचा कप घ्यायचा तरी तेच. हाताला घाम असला की समोरचा माणूस जातो, ही सवय अंगात मुरलेली. रस्ता ओलांडताना ते माझा हात धरत नसत, मनगट धरत. पहिल्यांदा मी चमकलेच. त्यांची बोटं माझ्या मनगटावर आणि माझी त्यांच्या मनगटावर हवीत, असं त्यांनी मला हायवेच्या सिग्नलला उभं राहून शिकवलं. मागून रिक्षावाले बोंबलतायत आणि हे आपले, "हां, आता दाब. आता न्हाई सुटनार."

पडणं हा शब्द ते कधी वापरत नसत. सर्कशीत तो अपशकुनी. आई बाथरूममध्ये घसरली तेव्हा ते घाबऱ्याघुबऱ्या चौकशीला आले आणि दारातूनच विचारलं, "आई खाली आल्या म्हनं?" आमचं घर पहिल्या मजल्यावर. आई आतून ओरडली, "मी खंय खाली गेलंय? हंयच असंय!" त्या दिवशी मास्तर हसले. मी त्यांना हसताना फार वेळा पाहिलं नाही.

बोलायचे ते चित्राशेजारी बसून. आणि बोलत बोलत नेहमी त्या पाठमोऱ्या मुलीपाशी यायचे.

"ही आमची चिमणी," ते म्हणायचे.

चिमणीचं खरं नाव रेखा, सर्कशीतलं बेबी रोझी. मास्तर-काकूंना मूलबाळ नव्हतं. आईविना असलेली ही ऊसतोड्याची पोर सर्कशीत आली ती पाचेक वर्षांची. काकूंनी तिला कुशीत घेतली, मास्तरांनी झुल्यावर. "दहा वर्षांची व्हायच्या आत उडायला लागली. डोळे झाकून सोडायची दांडी. मी हाय हे तिला म्हाईत." मग लहान मुलांना सर्कशीत ठेवायचं नाही असा कायदा झाला. एका दुपारी गाड्या आल्या आणि सगळी लहान पोरं घेऊन गेल्या. चिमणीने तंबूच्या खांबाला मिठी मारली होती. काकू गाडीमागे पळाल्या, चप्पल तुटेपर्यंत. पुढे ती कुठल्या संस्थेत गेली ते शेवटपर्यंत कळलं नाही. "आम्ही कोन तिचे? कागदावर कोनीच न्हाई." काकूंनी त्यानंतर सायकलला हात लावला नाही, असं मास्तर सांगायचे.

मला ती गोष्ट पाठ झाली होती. ऐकताना दर वेळी मला सरकारचा राग यायचा.

मागच्या वर्षी मुलुंडला मैदानात सर्कस लागली. मास्तरांना घेऊन जायची कल्पना माझी. जनावरं आता नसतातच. तंबू अर्धा रिकामा, गाणी कर्कश, आणि पोरांपेक्षा पॉपकॉर्नवालेच जास्त. मास्तर ताठ बसून वर दोरांकडे बघत होते. झुल्याची घोषणा झाली, जाळं ताणलं गेलं, आणि ते उठून चालते झाले. मी मागोमाग बाहेर आले तर ते जनरेटरपाशी एका बुटक्या म्हाताऱ्यासमोर गुडघ्यांवर बसलेले, दोघांनी एकमेकांची मनगटं धरलेली. तो त्यांचा जुना जोकर, छोटूभाई. त्याच्या तोंडावरचा पांढरा रंग ओघळत होता.

"रोझी इथेच मुंबईत असते, मास्तर," छोटूभाई म्हणाला. "मानखुर्दला. लग्न झालं, पार्लरमध्ये काम करते. नंबर आहे माझ्याकडे. तुम्हाला माहीत नाही?"

नंबर मी माझ्या मोबाइलमध्ये घेतला. दुसऱ्या दिवशी त्यांनीच मला बोलावलं. "तू लाव गं फोन. माझं त्वांड उघडायचं न्हाई."

मी माझ्या मोबाइलवरून लावला. कोण बोलतंय, कशासाठी, ते सांगितलं. पलीकडे ड्रायर चालू होता, तो बंद झाला.

"ते जिवंत आहेत?"

"हो."

"पत्ता पाठवा," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

रविवारी दुपारी ती आली. मास्तरांनी सकाळपासून खोली दोनदा झाडली होती, माझ्याकडून शिरा करून घेतला होता आणि मला बजावलं होतं, "तू हितंच बसायचं. उठून जायचं न्हाई." रेखा पंचविशीची, नीटनेटकी, साधी. दारात उभी राहिली तेव्हा मास्तर उठले आणि त्यांनी दोन्ही तळवे पँटला पुसले. पण तिने हात पुढे केला नाही. खुर्चीवर बसली आणि समोरच्या भिंतीकडे पाहिलं.

"अजून सर्कसच लावलीय."

"त्यातली ती बग," मास्तर घाईने म्हणाले, "हिरव्या झग्यातली. ती तूच. मी तिला चिमणी म्हंतो."

"मी एवढी बारीक नव्हते," ती म्हणाली. क्षणभर मला वाटलं, जमेल.

मी शिऱ्याची बशी पुढे केली. ती तिने डाव्या हाताने घेतली. मास्तरांची नजर तिच्या उजव्या खांद्यावर गेली, ते तिने ओळखलं. "झुल्यानं गेला हा. वर जात नाही. मुलीची वेणी मी खाली बसून घालते, तिला पायाशी घेऊन." तिने बशी तशीच खाली ठेवली. "मी एक विचारायला आलेय, मास्तर. माझी मुलगी पाच वर्षांची झाली. मी आले तेव्हा एवढीच असणार. तिला तासभर शेजारी ठेवलं तरी माझा जीव थाऱ्यावर नसतो. मला कुठून आणलं? आई मेली होती, तर मला दिलं कोणी?"

मास्तर काकूंच्या फोटोकडे बघत राहिले.

"तुझी आई मेली न्हवती," ते म्हणाले.

रेखा खुर्चीत पुढे सरकली.

"मी सोता गेलतो. मॅनेजर आन मी. बीडकडं, डोंगराच्या अंगाला एक वस्ती हाय. तुम्ही तिघी भनी. त्यातनं मी तुला निवडली. हात लांब हुते तुझे, वजन न्हवतं. बापानं हो म्हटलं. आई पान्याला गेलती. आमची जीप निघाली तवा ती आली. पार डांबरी लागंस्तवर जीपमागं पळली."

"मग आई मेली असं कोण म्हणालं?"

"मी. तू रडायची थांबंना. खाईना, दांडी धरंना. कमल म्हनली, हिला परत सोडून या. मी तुला सांगितलं की आई मेली. मेलेल्याची वाट कोन बगत न्हाई, म्हनून सांगितलं. मग तू गप झालीस."

खोलीत पंखा फिरत होता. मी इतके दिवस ऐकलेली गोष्ट माझ्यासमोर उलटी झाली होती आणि मला कुठे बघावं कळेना.

"त्या लोकांनी आम्हाला नेलं ना," रेखा सावकाश म्हणाली, "तेव्हा प्रत्येकीला विचारलं, गाव कुठलं, आईबाप कोण. बाकीच्यांची घरं शोधली त्यांनी. मी सांगितलं, माझी आई मेली. मग माझं कोणी शोधलंच नाही. अठरा वर्षांची होईपर्यंत होस्टेलला होते मी." ती उठली. "तिथे दर दिवाळीला पोरी घरी जायच्या, मास्तर."

त्यांनी मान खाली घातली. ती चप्पल घालत असताना एवढंच म्हणाले, "वस्तीचं नाव आठवत न्हाई. वाट आठवतीया. मी दावतो."

"गरज नाही," असं म्हणून ती गेली. शिरा तसाच राहिला.

महिनाभराने तिचाच फोन आला, मला. तिने बरीच चौकशी केली होती, पण डोंगराच्या अंगाची वस्ती एवढ्यावर काही सापडत नव्हतं. "त्यांना विचारा, अजून येतील का." मी निरोप दिला तर मास्तर आधीच पिशवीत लुंगी-टॉवेल भरून तयार, जणू त्या रविवारपासून पिशवी भरलेलीच होती.

पुढचं मी पाहिलेलं नाही, मास्तरांनी सांगितलेलं आहे. एसटीत ती पुढच्या सीटवर बसली, ते मागच्या. बोलणं काही नाही. बीडच्या पुढे दोन ठिकाणी चुकून तिसऱ्या ठिकाणी त्यांना डांबरीला लागलेलं वळण सापडलं. "आता तिथं टपरी हाय. पन वळन त्येच." वस्ती वर होती. घरं पक्की झालेली. आई दोन वर्षांपूर्वी वारली होती, बाप त्याही आधी. थोरली बहीण सुमन मात्र तिथेच एका घरात दिलेली. रेखाला तिने ओळखलं नाही, पण नाव ऐकल्यावर हातातलं सूप टाकून जी मिठी मारली ती सोडेचना. सगळी वस्ती गोळा झाली. आईने शेवटपर्यंत रेखाचा एक फ्रॉक पेटीत ठेवला होता, तो बाहेर आला. कुणीतरी कडेला उभ्या असलेल्या म्हाताऱ्याकडे बोट दाखवून विचारलं, हे कोण?

"यांनीच मला आणलं," रेखा म्हणाली.

सुमनने ते ऐकलं आणि मास्तरांच्या पायावर डोकं ठेवलं. तिला वाटलं, आणलं म्हणजे परत आणलं. देवमाणूस म्हणाली. ओसरीवर चादर अंथरली, गरम भाकरी आणि पिठलं वाढलं, आणि जेवून होईपर्यंत पदराने वारा घालत बसली.

"जेवलात?" मी विचारलं.

"जेवलो," मास्तर म्हणाले. "काय करू? घास फिरत हुता नुस्ता. पन जेवलो."

परतीच्या एसटीत त्यांनी पहिल्यांदा पुढे वाकून रेखाला विचारलं, तिला खरं का नाही सांगितलंस? ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "मी का सांगू? तुम्ही सांगा."

मग सुमनचे फोन सुरू झाले. मास्तरांचा तो साधा बटणांचा मोबाइल आयुष्यात कधी एवढा वाजला नसेल. दादा, जेवलात का. दादा, थंडी लई पडलीय, छाती जपा. दादा, हुरडा झालाय, या. संक्रांतीला तर तिने कुणाबरोबर तरी तिळगूळ पाठवला, तो डबा मास्तरांनी उघडलाच नाही. मी असताना फोन आला की ते उचलायचे, "व्हय ताई, व्हय ताई" करायचे, आणि ठेवल्यावर बराच वेळ फोनकडे बघत बसायचे. माणसाला शिव्या झेपतात, हे प्रेम त्यांना झेपत नव्हतं. अन्न कमी झालं. खोकला वाढला. मी म्हटलं, "मास्तर, नंबर ब्लॉक करू का?" तर म्हणाले, "तिनं काय पाप केलंय?"

एकदा मी न राहवून म्हटलं, "जाऊ दे ना आता. तिला बरं वाटतंय, वाटू दे. आई तर गेलीच. खरं सांगून कुणाचं भलं होणार?"

"भल्याचं न्हाई गं," ते म्हणाले. "ती रोज एका मानसाला फोन करतीया आन तो मानूस मी न्हाई."

फेब्रुवारीत ते परत गेले, एकटेच. मी फार अडवलं. अंगात ताप होता. फोनवर सांगा म्हटलं, तर नाही म्हणाले. "पोरगी तिच्या समोरनं उचलली हुती. समोरच सांगायचं."

गेले आणि सुमनच्या ओसरीवर बसून सगळं सांगितलं. तिघींतून निवडली ते, जीप, आईचं पळणं, आणि ते खोटं. सुमन ज्वारी निवडत होती. ऐकत असताना तिचे हात थांबले नाहीत, ते म्हणाले. सगळं संपल्यावर ती उठली, आत गेली आणि दार लावून घेतलं. तिच्या नवऱ्याने यांना दंडाला धरून डांबरीपर्यंत आणून सोडलं. मारलं का, ते मी विचारलं नाही. मास्तरांच्या कपाळाला खरचटलं होतं. विचारलं असतं तर "खाली आलो" म्हणाले असते.

मार्चच्या मध्याला मास्तर गेले, झोपेतच. डॉक्टर म्हणाले, न्यूमोनिया अंगावर काढला. मी रेखाला कळवलं तेव्हा ती येईल असं वाटलं नव्हतं. ती आली. मंडपवाल्याची माणसं, बिल्डिंगीतले चार लोक, छोटूभाई, आणि सगळ्यांच्या मागे ती. रडली नाही. विधी झाल्यावर खोली आवरायला मला मदत करू लागली, आणि भांडी पोत्यात भरता भरता म्हणाली, "ते चित्र कोणी नेणार आहे का?"

"नाही."

"मग मी नेते. घराला नुकताच रंग दिलाय. भिंत मोकळीच आहे."

मी तिला ते चादरीत गुंडाळून दिलं. का नेतेस, असं मी विचारलं नाही. तिला तरी ते नीट माहीत असेल असं मला वाटत नाही. रिक्षात ते आडवं मावेना, म्हणून तिने उभं करून गुडघ्यांमध्ये धरलं आणि डाव्या हाताने वरून कवटाळलं.

मास्तरांना मी शेवटचं बोलताना पाहिलं ते, ते गेले त्याच्या आदल्या रविवारी. सकाळी पेज घेऊन गेले होते. दार उघडंच होतं. ते उंबऱ्याजवळ उन्हात बसून मेथी निवडत होते, पानं एका बाजूला, काड्या एका बाजूला, अगदी सावकाश. चेहरा उतरलेला, पण बीडहून आल्यापासून पहिल्यांदाच काहीतरी रांधायचं त्यांच्या मनात आलं होतं. मी शेजारी टेकले आणि चार पानं खुडली.

"फोन आला का कुणाचा?" मी विचारलं.

"न्हाई. आता वाजत न्हाई," मास्तर म्हणाले. "बरं हाय. शांत हाय."

मग त्यांनी मेथी बाजूला सारली, मांडीजवळचा मोबाइल उचलला, त्याची काच लुंगीला पुसली, चार्जिंग आहे ना ते बघितलं, आणि तो परत तिथेच, आवाज ऐकू येईल असा, जवळ ठेवला.